हिस्सा कशाचा? अज्ञात राशीच्या गणिताची दख्खनी गोष्ट



इतिहासाच्या व्याख्यानाला गणिताचा विषय घेतला म्हणून काहींच्या कपाळावर आठ्या दिसतायत मला. पण आज सूत्रं नाहीत, फळाही नाही. आज बोलायचंय ते एका जुन्या प्रश्नाबद्दल. एखाद्या गोष्टीचे काही भाग गेले, काही उरलं. उरलं ते आपल्याला माहीत आहे. मग मूळ किती होतं? शाळेत याला शाब्दिक उदाहरणं म्हणतात. सातवी-आठवीची निम्मी मुलं इथंच अडखळतात आणि गणित आपलं नाही असं ठरवून टाकतात. माझं म्हणणं एवढंच, की ही मुलं ‘क्ष’ला घाबरत नाहीत. त्यांचं घोडं अडतं ते एका साध्या प्रश्नावर, ‘हिस्सा, पण कशाचा?’ आणि हा प्रश्न या दख्खनच्या मातीत फार जुना आहे. महसूल, कर्ज, दान, दुष्काळ, सगळीकडे तो आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. जालन्याची मोसंबी. एका बागायतदाराने मालाचा तिसरा हिस्सा जागेवर विकला, चौथा हिस्सा बाजार समितीत नेला, आणि ३० क्रेट उरले. एकूण माल किती? तिसरा आणि चौथा मिळून बारातले सात. उरले बारातले पाच, म्हणजे ३० क्रेट. एक बारांश म्हणजे ६. एकूण ७२.

आता त्याच वाक्यात एक शब्द घाला. तिसरा हिस्सा जागेवर विकला, ‘उरलेल्याचा’ चौथा हिस्सा बाजारात नेला, आणि ३० क्रेट उरले. आता काय होतं? तिसरा हिस्सा गेल्यावर दोन तृतीयांश राहिले. त्यातला पाव गेला, पाऊण राहिला. दोन तृतीयांशाचा पाऊण म्हणजे बरोबर अर्धा. अर्धा म्हणजे ३०, तर एकूण ६०. एका शब्दाने १२ क्रेटचा फरक पडला. बागायतदाराला विचारा, १२ क्रेट म्हणजे काय ते तो सांगेल.

हा प्रश्न माणसाने किती वर्षांपूर्वी लिहून ठेवला? इजिप्तचा एक पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ऱ्हिंड पपायरस म्हणतात त्याला. आहमोस नावाच्या लेखनिकाने तो इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास, त्याहून जुन्या प्रतीवरून उतरवला. त्यातलं चोविसावं उदाहरण असं, की एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर राशी कोणती? आहमोसकडे ‘क्ष’ नाही. तो काय करतो? सोयीची संख्या धरतो, ७. सात आणि त्याचा सातवा भाग मिळून ८. पण हवेत १९. मग ८ चे १९ करायला जितक्या पटीने वाढवावं लागेल, तितक्याच पटीने ७ वाढवायचे. उत्तर १६ पूर्णांक ५ अष्टमांश. खोटी संख्या धरायची, तिला खऱ्यासारखं वागवायचं, आणि शेवटी प्रमाणाने दुरुस्त करायचं. एवढीच ती युक्ती.

हीच युक्ती आपल्याकडे ‘इष्टकर्म’ या नावाने आली. इष्ट म्हणजे मनाला येईल ती धरलेली संख्या. आणि इष्टकर्माचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. आपलं गाव ते सह्याद्रीच्या आश्रयाचं विज्जडविड असं सांगतात. ते नेमकं कोणतं यावर विद्वानांचा वाद आहे. कोणी पाटण म्हणतं, कोणी बीड, कोणी विजापूर. पण त्यांच्या घराण्याचा दगडावर कोरलेला पुरावा आपल्या शेजारी आहे. जालन्याहून संभाजीनगर, पुढे कन्नड, तिथून घाट उतरलात की चाळीसगाव. चाळीसगावच्या जवळ, डोंगराच्या पायथ्याशी पाटण, पाटणादेवीचं ठिकाण. तिथल्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

हा शिलालेख शके ११२८ चा, इ. स. १२०७. देवगिरीला यादव राजा सिंघण, आणि पाटणच्या परिसरात त्याचे मांडलिक निकुंभ घराणं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, आणि निकुंभ सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील आला की भाषा बदलते आणि मराठी होते! का? कारण संस्कृत पंडितासाठी होतं, आणि हा तपशील तेल्याला, मापाऱ्याला, गिऱ्हाइकाला कळायला हवा होता. बाजारात माल उघडला की गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला. प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. धान्य मोजायचं ते मठाच्या मापाने, आणि मापणावळ निम्मी मठाला, निम्मी मापाऱ्याला.

जरा थांबून बघा हे. ज्या मठात अपूर्णांकांचं गणित शिकवायचं, त्या मठाचं पोट अपूर्णांकांवरच चालतं. गणित आकाशातून पडलेलं नाही. ते ग्रहांसाठी होतं तसं मापासाठीही होतं.

आता लीलावतीतली दोन उदाहरणं माझ्या शब्दांत सांगतो. पहिलं कमळांचं. एका भक्ताकडे कमळं होती. तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला वाहिला. उरली सहा, ती गुरूच्या चरणी. एकूण किती? मनात ६० धरा, कारण ६० ला ३, ५, ६, ४ या सगळ्यांनी भाग जातो. २०, १२, १०, १५. बेरीज ५७. उरली ३. पण उरायला हवी होती ६, म्हणजे दुप्पट. मग ६० ची दुप्पट, १२० कमळं.

दुसरं यात्रेकरूचं. त्याने निम्मं धन प्रयागला दिलं. उरलेल्याचे नऊतले दोन भाग काशीला. उरलेल्याचा चौथा भाग वाटेच्या करात गेला. उरलेल्याचे दहातले सहा भाग गयेला. आणि ६३ निष्क घेऊन तो घरी आला. किती घेऊन निघाला होता? उलटं चालत जाऊ. गयेला सहा दशांश दिले, म्हणजे चार दशांश राहिले, ते ६३. तर गयेआधी साडेएकशे सत्तावन. त्याआधी २१०. त्याआधी २७०. आणि निघताना ५४०.

दोन्ही उदाहरणं इष्टकर्माच्या एकाच प्रकरणात आहेत. पण परंपरेने त्यांना वेगळी नावं दिली. कमळांचं ते दृश्यजाती, म्हणजे सगळे भाग मूळ राशीचे, आणि उरलेलं समोर दिसतंय. यात्रेकरूचं ते शेषजाती, म्हणजे प्रत्येक भाग उरलेल्याचा. भुंग्यांचं एक उदाहरण आहे, त्यात दोन भागांमधल्या फरकाची पट येते, ती विश्लेषजाती. भास्कराचार्यांच्या तीनशे वर्षं आधी, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात तर अपूर्णांकांच्या अशा उदाहरणांसाठी ‘प्रकीर्णक’ नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तिथेही भागाची जात वेगळी, शेषाची जात वेगळी.

जात ओळखा म्हणजे काय? आकडेमोडीला हात लावण्याआधी विचारा, हिस्सा कशाचा? आज आपण मुलांना सांगतो, ‘क्ष मानू’. आणि लगेच समीकरण लिहायला लावतो. मधली पायरीच गळाली. जुन्या पंतोजींनी त्या पायरीला नाव दिलं होतं. ज्या गोष्टीला नाव असतं ती शिकवता येते.

लीलावतीत एक गमतीचं उदाहरण आहे. एका कंजूष माणसाने भिकाऱ्याला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा पाव दिला. दिलं किती? गुणाकार करत जा, द्रम्माचा एक हजार दोनशे ऐंशीवा भाग येतो. एका द्रम्माच्या कवड्या १,२८०. म्हणजे दिली एक कवडी! आपण कंजूषाला कवडीचुंबक म्हणतो ना, तो हा. याला प्रभागजाती म्हणतात, भागाचा भाग. शब्द भलेमोठे, हाती कवडी. ही विद्या पुढे सावकारांनी चांगली आत्मसात केली, त्याकडे येतोच.

पण त्याआधी इष्टकर्माची मर्यादा सांगायला हवी. मोसंबीचंच घेऊ. तिसरा हिस्सा विकला, शिवाय १० क्रेट वाटेत नासले, आणि ३० उरले. धरा १२. तिसरा हिस्सा ४ गेला, राहिले ८. त्यातून १० वजा? होतच नाही. इथे प्रमाणाची युक्ती चालत नाही, कारण माल दुप्पट असता तरी नासलेले क्रेट दहाच होते. मग काय करायचं? नासलेले १० आधी परत जोडायचे. ३० आणि १० चाळीस. हे चाळीस म्हणजे दोन तृतीयांश. एकूण ६०.

हे जे ‘परत जोडणं’ आहे ना, त्यावरून एका शास्त्राचं नाव पडलं. बगदादमध्ये इ. स. ८२० च्या सुमारास अल-ख्वारिझ्मी यांनी ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात ‘अल-जबर’ शब्द आहे. जबर म्हणजे मोडलेलं सांधणं. हाड बसवण्यालाही अरबीत तोच शब्द. वजा झालेलं परत जोडून राशी पुरी करायची, तो अल-जबर. त्यावरूनच युरोपात अल्जिब्रा झाला. आणि त्या ग्रंथाचा मोठा भाग कशावर आहे? मृत्युपत्रं आणि वारसाहक्क यांवर. बायकोचा आठवा हिस्सा, आईचा सहावा, कोणाला मृत्युपत्राने दिलेला तिसरा. आधी कर्ज फेडायचं, मग उरलेल्याचे भाग पाडायचे. पुन्हा तोच प्रश्न, हिस्सा कशाचा?

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात राशीला ‘यावत्-तावत्’ म्हणतात. जितकी असेल तितकी, असा अर्थ. लिहिताना फक्त ‘या’. दुसरी अज्ञात राशी आली की रंगांची नावं, कालक, नीलक, पीतक. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांतला ‘क्ष’ म्हणजे या ‘या’चा धाकटा भाऊच.

आणि हे दोन्ही प्रवाह जिथे एकत्र आले, त्या माणसाचं काम तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली लीलावती फारसीत आणली. पुढे १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशीदी याने भास्कराचार्यांचं बीजगणित फारसीत उतरवून शहाजहानला अर्पण केलं. हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. आता संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या दरवाजावर दोन नावं कोरलेली आहेत, अताउल्ला आणि हंसपत राय. तोच हा अताउल्ला, असं इतिहासकार मानतात. म्हणजे सह्याद्रीच्या आश्रयाने लिहिलेलं बीजगणित फारसीत नेणारा माणूस पुढे याच मुलखात इमारत बांधायला आला. इथून साठेक किलोमीटरवर.

आता पुस्तकातून दरबारात येऊ. मराठ्यांच्या इतिहासातला सगळ्यात गाजलेला अपूर्णांक कोणता? चौथ! एक चतुर्थांश. आणि त्याच्या जोडीला सरदेशमुखी, एक दशांश. १७१९ साली दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या. आपला हा भाग त्यातच. पण चौथ वसूल झाली की तिची पुढे वाटणी व्हायची, ती बघण्यासारखी आहे. शंभर रुपये चौथ आली असं धरा. त्यातले २५ छत्रपतींचे, ही बाबती. राहिले ७५, तो मोकासा. त्यातून सहोत्रा ६, नाडगौडा ३. उरले ६६, ते सरदारांना फौजेच्या खर्चासाठी, ऐन मोकासा.

प्रश्न विचारा. सहोत्रा सहा टक्के, पण कशाचे? मोकाशातून निघतो म्हणून ७५ चे सहा टक्के धरले तर साडेचार रुपये होतात. पण सहोत्रा संपूर्ण चौथेवर होता, म्हणून पुरे सहा. निघतो उरलेल्यातून, मोजला जातो मूळ राशीवर. लाखाच्या वसुलीला दीड हजाराचा फरक. कारकुनाला गणिताची जात ओळखता आली नसती, तर दोन मातब्बर घराण्यांत तंटा लागलाच असता.

दरबारातून आता गावात. गावात हा प्रश्न बियाण्याच्या उसनवारीत यायचा. पेरणीला सावकाराकडून धान्य घ्यायचं, सुगीला सवाईने किंवा दिढीने फेडायचं. सवाई म्हणजे सव्वापट, दिढी म्हणजे दीडपट. समजा १६ पायल्या सवाईने घेतल्या. सुगीला २० द्यायच्या. पाऊस दगा देऊन गेला, फेड झाली नाही. पुढच्या वर्षी किती? कुणब्याच्या मनात हिशेब साधा, मुळात १६ घेतल्या, तिचा पाव ४, दोन वर्षांचे ८, एकूण २४. सावकाराच्या वहीत मात्र सवाई २० वर लागते. २० ची सवाई २५. फरक एक पायलीचा. पण असंच आणखी चार वर्षं चालू द्या. कुणब्याच्या हिशेबाने ४० पायल्या. वहीच्या हिशेबाने ६१ च्या वर!

कुणबी अडाणी होता म्हणून फसला, असं म्हणणं सोपं आहे. त्याला सवाई कळत होती. पाव, निम्मं, पाऊण त्याच्या रोजच्या बोलण्यात होतं. वही मात्र दुसऱ्याच्या हातात होती, आणि ‘कशाची सवाई’ हे वही ठरवायची.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो नगर जिल्ह्यात पसरला. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्या लोकांनी सावकारांचा जीव घेण्यापेक्षा कागद मागितले. कर्जरोखे, वह्या, आणि ते जाळले. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की रोख्यावरचा आकडा न्यायालयाने जसाच्या तसा मानायचा नाही. व्यवहाराच्या मुळापासून हिशेब करायचा, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती. म्हणजे शेवटचा आकडा समोर आहे, मधले हिस्से माहीत करून घ्यायचे, आणि मूळ राशी शोधायची. न्यायाधीशाने यात्रेकरूचं गणित सोडवायचं होतं म्हणा ना. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा इथे नव्हता. वही मात्र इथेही तीच होती.

आता वयस्कर मंडळींना आठवत असेल, शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणवून घेत. औट म्हणजे साडेतीन. पंधराची सवाई? पावणेएकोणीस! कागद न घेता. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण, या जगात हे पाढे म्हणजे खिशातली चिल्लर होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, १९५८ पासून किलो आणि मीटर यायला लागले, आणि हे पाढे हळूहळू मावळले. त्यात हळहळण्यासारखं फार काही नाही; शंभराचा रुपया मुलांना सोपाच आहे. पण त्या पाढ्यांमुळे एक सवय लागायची, ती मात्र गेली. सव्वा म्हटलं की कान विचारायचा, ‘कितीची सव्वा?’ आज ‘पंचवीस टक्के’ म्हटलं की कान तसा विचारत नाही. टक्का एकटाच उभा राहतो, जणू त्याला मूळ राशी लागतच नाही.

आणि यात आजही पैसे जातात. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती ७० टक्के आहे, आणि शेतात ८४ हजार रोपं उभी हवीत. किती दाणे पेरायचे? बहुतेक जण म्हणतात, ३० टक्के वाया जाणार, मग ३० टक्के जास्त घ्या. ८४ हजारांचे ३० टक्के २५,२००. एकूण १,०९,२००. पण यातले ७० टक्के उगवले तर रोपं ७६,४४०. साडेसात हजार रोपं कमी! चूक कुठे झाली? वाया जाणारे ३० टक्के ‘पेरलेल्याचे’ आहेत, आपण काढले ‘हव्या असलेल्याचे’. पेरलेल्याचे सात दशांश म्हणजे ८४ हजार. एक दशांश १२ हजार. पेरायचे १ लाख २० हजार.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. आणेवारी. आता पैसेवारी म्हणतो आपण. यंदाचं पीक नेहमीच्या पिकाच्या किती आणे आलं, हा तो अपूर्णांक. १९१८ च्या खेडा सत्याग्रहाचा सगळा झगडा यावर होता. पीक चार आण्यांपेक्षा कमी असेल तर त्या वर्षी सारावसुली तहकूब करायची, असा नियम होता. शेतकरी म्हणत चार आण्यांपेक्षा कमी, अधिकारी म्हणत जास्त. एका अपूर्णांकासाठी गांधीजी आणि वल्लभभाई गावोगाव फिरले.

आपल्याकडे रेघ ५० पैशांची. पैसेवारी पन्नासच्या खाली आली की टंचाईच्या सवलती, जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. आता गणित बघा. प्रमाण उत्पन्न एकरी १० क्विंटल धरलं आणि यंदा साडेचार आलं, तर पैसेवारी ४५. दुष्काळ. पण हे प्रमाण उत्पन्न मागच्या काही वर्षांच्या सरासरीवरून ठरवलं आणि ती वर्षंच वाईट गेलेली असली, तर सरासरी खाली येते, समजा ८ क्विंटल. यंदाचे तेच साडेचार. पैसेवारी ५६! शेतात एक दाणाही वाढला नाही, पण कागदावर दुष्काळ संपला. जिथे लागोपाठ दुष्काळ पडतो, तिथेच हा हिशेब जास्त दगा देतो. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी इथे काढलाय, टँकरच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. २०१६ च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेपासून पाऊस, ओलावा, पिकाची स्थिती असे वेगळे निर्देशांक आले. पण प्रत्येक निर्देशांक हाही शेवटी कशाचा तरी हिस्साच असतो. तो जाहीर झाला की आपण आकडा विचारतो. विचारायला हवं, की छेदात काय धरलंय?

अंशाची बातमी होते. छेद दप्तरात राहतो. आणि आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या दगडावर, मापणावळीचा निम्मा हिस्सा कशाचा आणि कोणाचा, हे लोकांच्या भाषेत, लोकांना दिसेल असं कोरून ठेवलं होतं. मला त्यात गणिताइतकाच कारभाराचाही धडा दिसतो.

गणिताच्या तासाला मुलाला उदाहरण दिलंत तर लगेच ‘क्ष’ लिहू देऊ नका. आधी वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक हिश्श्यापाशी थांबवा आणि विचारा, कशाचा? मूळचा की उरलेल्याचा? ते त्याने बोटाने दाखवलं की ‘क्ष’ आपोआप जागेवर बसतो. आणि ते मूल मोठं होऊन बँकेत, बाजार समितीत किंवा तहसीलदाराच्या टेबलासमोर उभं राहील, तेव्हा हाच प्रश्न त्याच्या तोंडी असेल.



(व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून आलेला एक प्रश्न)

प्रश्न : सर, इष्टकर्माने तोंडी उत्तर येत असेल, तर मुलांना समीकरण शिकवायचंच कशाला?

उत्तर : चांगला प्रश्न आहे. नासलेल्या क्रेटचं उदाहरण आठवा. जिथे सगळेच भाग प्रमाणात आहेत तिथे इष्टकर्म झटपट काम करतं. एखादी ठरावीक रक्कम मध्ये आली, हमाली म्हणा, नासधूस म्हणा, की ते अडतं. समीकरण अडत नाही. म्हणून समीकरण शिकवायचंच. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. भास्कराचार्यांनीही आधी लीलावतीत मनात धरलेल्या संख्येने चालायला शिकवलं, मग बीजगणितात ‘यावत्-तावत्’ हाती दिलं. पोराला आधी ६० धरू द्या, चुकू द्या, प्रमाणाने दुरुस्त करू द्या. मग एक दिवस तोच विचारेल, की संख्या न धरताच नाही का सांगता येणार? त्या दिवशी त्याला ‘क्ष’ द्या.